मासो काय ढग?

तात्या, तुझं घड्याळ माझ्याकडे आहे. तेराव्याची जेवणं उरकून माणसं पांगल्यावर काकीने मला मागच्या पडवीत बोलावलं आणि ते माझ्या हातात ठेवलं. "तुकाच दी म्हणान सांगलेल्यान," एवढंच म्हणाली. बाबा दारात उभे होते. आपल्या थोरल्या भावाचं घड्याळ त्यांना हवं होतं की नाही, मला कळलं नाही. ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. आमच्या घराची तीच रीत आहे. स्टीलचा पट्टा मला फारच मोठा होतो. कणकवलीत डेपोसमोर बसणारा घड्याळवाला तीन कड्या काढून पाच मिनिटांत नीट करून देईल, असं मला सगळ्यांनी सांगून झालंय. मी अजून गेलेले नाही.

आज तुला जाऊन एकवीस दिवस झाले.

तू होतास तोवर मी तुला कधी 'तू' म्हटलं नाही. बाकी सगळी तुला तू म्हणत, शेजारची पोरंसुद्धा. मी कणकवलीच्या इंग्रजी शाळेतली. मालवणी कळायची सगळी, पण तोंडातून निघायची नाही, आणि निघाली तर भावंडं हसायची. मराठीही मी जपूनच वापरायचे. 'तुम्ही'च्या आड उभं राहिलं की बरं वाटायचं. तू चिडायचास. "माका तुमी कित्याक म्हणतंस गो? मी काय तुझो हेडमास्तर?" मी हसून गप्प बसायचे. आता तू म्हणते आहे, तर तुला ऐकू येत नाही.

तुझं काम तुलाच सांगण्यात अर्थ नाही, पण मला हे एकदा ओळीने मांडायचं आहे. आचऱ्याच्या किनाऱ्यावर तुम्हा लोकांची रापण. लांबच लांब जाळं. होडीतून अर्धगोल टाकत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग पंचवीस-तीस माणसांनी दोन रांगांत उभं राहून ते ओढायचं. पण जाळं टाकायचं कधी आणि कुठे, हे एक माणूस सांगतो. तो माणूस तू. वाळूच्या उंचवट्यावर उपडी घातलेली ती जुनी होडी, तिच्यावर तू उभा. खांद्यावर लाल पंचा, डोळ्यांवर आडवा हात. माणसं सुरूच्या सावलीत जाळं विणत, तंबाखू मळत, एकमेकांची उणीदुणी काढत बसलेली असायची. तू त्यांच्यात नसायचास. तासन् तास एक शब्द नाही. मग केव्हातरी तुझा पंचा वर जायचा, आणि चालू वाक्य अर्धं टाकून सगळी धावत सुटायची.

मला लहानपणी वाटायचं, ह्या सगळ्यांत मी कुणासारखी असेन तर तुझ्यासारखी. आपल्या घरात फक्त तुला गप्प राहण्याचे पैसे मिळतात, असं मी एकदा म्हटलं होतं, आणि ते तू वर्षभर सगळ्यांना सांगत होतास.

तुझं दुसरं नाव मला बरंच उशिरा कळलं. बाबूदाजींनी सांगितलं. बाबूदाजी तुमच्या रापणीचे तांडेल, म्हणजे सगळ्यांचे पुढारी, आणि तुझे शाळेपासूनचे मित्र. तू बावीस वर्षांचा असताना, नजर ठेवायला पहिल्यांदा उभा केला तेव्हा, तू पंचा वर केलास आणि सगळे धावले. जाळं टाकलं, तीन तास ओढलं. आत चार खेकडे आणि झेली, म्हणजे ते बुळबुळीत जेलीफिश. तू जो काळा पट्टा पाहिला होतास तो तारली माशांचा थवा नव्हता. ढगाची सावली होती. त्या दिवसापासून तू 'ढग'. "इलो रे ढग!" तू बाजारात गेलास तरी. तुझ्या लग्नात काकी मांडवात आली तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं होतं, "ढगाची व्हकल इली, छत्री हाडा!" काकी हे आजही हसून सांगते. तू हसायचा नाहीस. त्यानंतर चाळीस वर्षांत तुझा पंचा एकदाही खोटा वर गेला नाही, हे बाबूदाजी अभिमानाने सांगायचे. मलाही अभिमान वाटायचा.

मी पुण्यात काय करते, हे घरात फक्त तू विचारलंस. बाकीचे विचारायचे, पीएच.डी. कधी संपणार. आपण दोघं त्या उपड्या होडीवर बसलो होतो. "नक्की काय करतंस तू थंय? नीट सांग. माका कळात."

मी अडखळत सांगितलं. एमआरआय म्हणजे माणसाला मोठ्या लोहचुंबकात झोपवतात. अंगात सगळीकडे पाणी असतं. त्या पाण्याला जरासा धक्का द्यायचा आणि ते परत जागेवर कसं येतं ते टिपायचं. त्याचा फोटो होतो.

"म्हणजे पाणीच बघतास."

"हो."

"मगे आमच्यासारख्याच. पुढे?"

पुढचं अवघड होतं. मी म्हटलं, आम्ही कण बनवतो. लोखंडाच्या गंजासारखे, पण इतके बारीक की वाळूच्या एका दाण्यात कितीतरी कोटी मावतील. प्रत्येक कणाला एक सालपट. सालपट आहे तोवर कण रक्तातून सुटे सुटे फिरतात, फोटोत ते ओळखू येत नाहीत. कॅन्सरची गाठ पसरायला लागली की भोवतीचं मांस पोखरण्यासाठी एक द्रव्य सोडते. ते ह्या सालपटाला लागलं की सालपट तुटतं, कण एकमेकांना चिकटतात, आणि फोटोत तेवढ्या जागेचं पाणी काळं पडतं. म्हणजे गाठ डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी व्हायच्या आधी तिची चाहूल लागेल. लागावी, अशी आशा आहे. सध्या सगळं उंदरांवरच.

तू बराच वेळ समुद्राकडे बघत राहिलास. मला वाटलं, तुला कंटाळा आला.

"तारलीचो थवो," तू म्हणालास. "एकेक मासो दिसाना नाय. एकवटलो की पाणी काळा पडता. बरोबर?"

माझ्या गाईडनेसुद्धा इतक्या थोड्या वेळात ते इतकं नीट सांगितलं नव्हतं.

"आणि ढग इलो तर?"

तू नेमकं आमच्या वर्मावर बोट ठेवलं होतंस. रक्त साकळलेलं असेल, आतड्यात हवा असेल, तरी फोटोत काळंच दिसतं. मी म्हटलं, त्यासाठी आम्ही दुसऱ्या उंदराला दुसरे कण देतो. अगदी तसेच, पण त्यांचं सालपट कशानेच तुटत नाही. तिथेही काळं दिसलं तर समजायचं, आपलं काहीतरी चुकतंय.

"म्हणजे एक डोळस उभो करतास आणि बाजूक एक आंधळो?"

"साधारण."

"आणि आंधळ्याकपण मासो दिसलो तर?"

"तर ढग."

मांडीवर थाप मारून तू इतका हसलास की खाली जाळं विणणारे वर बघायला लागले. आणि मग तुझं ते कायमचं भांडण सुरू झालं. एका फोटोवरून काय कळतं? ढगाची सावली वाऱ्याबरोबर सरकते, मासा आपल्या मर्जीने जातो. थोडं थांबलं की आपोआप कळतं. "बघीत रवाक होयां." मी म्हणायचे, उंदराला इतका वेळ चुंबकात ठेवता येत नाही, मशीन इतरांनाही हवं असतं. तू म्हणायचास, "म्हणजे तुमका घाई. घाई झाली की ढग." दर सुट्टीत हे भांडण पुढे चालायचं. माझे कण वाटेतच यकृतात अडकून बसतात, यकृतच सगळं काळं होतं, हे सांगितलं तेव्हा तू खूश झालास. "म्हणजे तुझी रापण खडपाकच अडाकली!" खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, जाळं अडकलं की काय करायचं, हेही लगेच सांगितलंस. ओढायचं नाही, फाटतं. दुसऱ्या बाजूने जायचं. मी पुण्याला जाऊन सालपट बदललं. तुझं ऐकून नाही, ते करणारच होते. पण तुला फोनवर सांगताना तुझ्यामुळे म्हणाले.

आता गेल्या डिसेंबरचं सांगते.

मी आठ दिवसांसाठी आले होते. सकाळी दहाच्या सुमाराला होडीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसले होते, तू वर उभा होतास. एकाएकी तुझा पंचा वर गेला. सगळे पाण्याकडे धावले. मी वर बघितलं. हात वर करताच घड्याळ तुझ्या मनगटावरून निसटलं आणि थेट कोपरापर्यंत घसरलं. आदल्या मे महिन्यात तेच घड्याळ तुझ्या मनगटावर इतकं घट्ट बसायचं की खाली पट्ट्याचा वळ उठायचा. मला तो वळ आठवत होता. मला असलं सगळं आठवतं, लक्षात राहतं. लोक मला लाजाळू समजतात, त्यामुळे माझ्यासमोर कोणी सावध नसतं, आणि मी बघत असते.

मी घड्याळ बघितलं. मग तुझा सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा लोंबत होता तोही बघितला. दुपारी तू जेवणात भात अर्धा ठेवलास. पाठीला उशी लावून बसलास. काकी म्हणाली, "दोर ओढून पाट धरल्यान," आणि तू म्हणालास, "होय, दोरच." पण तू दोर ओढत नाहीस, तात्या. तू नजर ठेवतोस. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं.

मी काही बोलले नाही.

का, हे मी स्वतःला रोज विचारते. मी डॉक्टर नाही. मी उंदरांवर काम करते. वय झालं की माणूस उतरतो. उगाच घरभर घबराट होईल. काही निघालं नाही तर बाबा म्हणतील, चार पुस्तकं वाचली आणि सगळीकडे रोग दिसायला लागले. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मूळ कारण असं की माझी खात्री नव्हती, आणि खात्री नसताना बोलायचं नाही, हे मी तुझ्याकडे बघत मोठी झाले. मी पुण्याला गेले. गाडीत बसल्यावर वाटलं, पोचल्यावर फोन करून बाबांना सांगू. पोचल्यावर वाटलं, पुढच्या सुट्टीत बघू, अजून उतरलेला दिसला तर बोलू. बघत राहू.

नंतर काकीकडून कळलं की तुझी पाठ त्याच्याही आधी तीन महिने दुखत होती, रोज. तिला तू सांगितलं होतंस, "कोणाक सांगू नको. आधी काय ता कळाने." कळलं की सांगणार होतास. फेब्रुवारीत डोळे पिवळे झाले तेव्हा तू पंधरा दिवस काविळीचं झाडपाल्याचं औषध घेतलंस, अळणी भात खाल्लास, आणि तरीही वाट बघितलीस. म्हणजे त्या डिसेंबरच्या दुपारी, त्या माजघरात, पानाला पान लावून आपण दोघं बसलो होतो आणि दोघांनाही ते दिसत होतं. तू आतून बघत होतास, मी बाहेरून. दोघंही खात्री होण्याची वाट बघत होतो.

मार्चमध्ये तुला स्कॅनसाठी गोव्याला नेलं. मी पुण्याहून आले. चुंबकाच्या खोलीत जाण्याआधी तुझं घड्याळ काढलं, अंगठी काढली, कंबरेचा करगोटा तू काढू देईनास. शेवटी तो नुसता दोरा आहे, धातू नाही, हे मी आत जाऊन पटवलं, तेव्हा ठेवू दिला. तुझ्यासाठी माझं शिक्षण कामाला आलं ते तेवढंच. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "केदो तो आवाज गो! बाबूच्या होडयेचा जुना इंजिन बरा." मग डोळे मिचकावून म्हणालास, "पाणी बघितला काय माझा?"

सीडी हातात मिळाली, लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. परतीच्या वाटेवर जेवायला थांबलो. बाबा आणि काकी हात धुवायला गेले. मी लॅपटॉप उघडला. उघडायला नको होता. तीन वर्षं मी दुसऱ्यांची, म्हणजे उंदरांची, आतली चित्रं बघत होते. आता पडद्यावर तू होतास. तुझा मणका, तुझी मूत्रपिंडं, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याशी एक काळसर डाग, विस्कटलेल्या काठांचा. यकृतात आणखी काही, लहान लहान. ते ओळखायला कुठल्याही कणांची गरज नव्हती. सालपट नको, काही नको. एवढं मोठं झाल्यावर कुणालाही दिसतं.

तू समोरच्या खुर्चीवर बसला होतास. पडद्याकडे बघतच नव्हतास, माझ्या तोंडाकडे बघत होतास.

"काय ता? मासो काय ढग?"

मी लॅपटॉप मिटला. "रिपोर्ट येऊ द्या, तात्या. मी डॉक्टर नाही. खात्रीने सांगता येत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. मग सोलकढीची वाटी माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालास, "खात्री झाल्याबिगर हात वर करू नये. बरां शिकलंस."

आजही मला कळत नाही की ते कौतुक होतं की दुसरं काही. कित्येकदा वाटलं, विचारावं. तुझ्या उशाशी बसून मी मोबाईलवर हवामान वाचून दाखवलं, बांगड्याचा भाव सांगितला, हे मात्र विचारलं नाही.

पावसाळाभर तू घरात होतास. रापण बंद, समुद्र खवळलेला, आणि तू खिडकीतून माडांच्या फटीतला हातभर समुद्र बघत पडलेला. जूनमध्ये एकदा तू मला जवळ बोलावलंस. "तुझे ते कण. माझ्या आंगात घालशीत?"

"माणसांना देता येत नाहीत अजून. परवानगी नाही. खूप वर्षं लागतात."

"उंदरांक चलतत?"

"हो."

"मगे माका उंदीर म्हणान लिव." आणि हसलास. मग डोळे मिटून, "माका म्हायत आसा गो, आता कायच उपेग नाय. माका नुसता बघूचा होता. तुझो पंचो वर जाताना बघूचो होतो."

मी पुण्याला गेले आणि वेड्यासारखं काम केलं. त्याने काय होणार होतं, माहीत नाही. ज्या वेगाने तू जात होतास आणि ज्या वेगाने एक उंदीर स्कॅन होतो, त्यांचा काही मेळ नव्हता. तरी जुलैच्या अखेरीला एका उंदरात, बरोबर गाठीच्या जागी, पाणी काळं पडलं. मी पडद्यासमोरून उठून बाहेर जिन्यात आले आणि तुला फोन लावला. काकीने तो तुझ्या कानाला धरला.

"तात्या, दिसलं."

तुझा श्वास ऐकू येत होता. "मासो काय ढग?"

"मासो," मी म्हणाले. तुझ्याशी मी मालवणीत बोललेला तो बहुतेक पहिला शब्द. तू नुसतं "व्हय?" म्हणालास. काकी सांगते, त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगायचास. "आमच्या चेडवाक मासो गावलो. बाबू, तू बघ, आता माणसांक आधीच कळतला." बाबूदाजी तुझ्यासमोर मान डोलवायचे आणि बाहेर येऊन डोळे पुसायचे.

तात्या, तो ढग होता. चार दिवसांनी आंधळ्या उंदराची पाळी आली, म्हणजे ज्याला न तुटणारे कण दिले होते त्याची. तिथेही तसंच काळं दिसलं. गाठीतल्या गाठीत रक्त साकळलं होतं, दोन्हीकडे. मी वही मिटली आणि तुला फोन केला नाही. नंतर आले तेव्हाही सांगितलं नाही. तू गेलास तेव्हा तुझ्या समजुतीप्रमाणे माझा पंचा वर गेला होता आणि खाली मासा होता. हे मी चांगलं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास, "तुका सांगितलेलंय मा! घाई झाली की ढग!" तुझ्या आवाजात ते वाक्य ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन.

तुझ्यानंतर मी एका डॉक्टरांना विचारलं, ज्यांच्याबरोबर आमची लॅब काम करते. नाव-गाव न सांगता, एक पेशंट म्हणून. डिसेंबरमध्ये कळलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित ऑपरेशन झालं असतं. कदाचित काही महिने जास्त मिळाले असते. कदाचित हेच झालं असतं. मी म्हटलं, पण अंदाजे? ते म्हणाले, अंदाजे सुद्धा नाही. मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं, मीही तेच केलं असतं.

आता परवाची गोष्ट, म्हणजे हे लिहायला बसले त्याचं कारण.

तुझ्या जागी अजून कुणाला उभं केलेलं नाही. बाबूदाजींची नजर आता लांबची नाही, आणि दुसरे उभे राहतात पण तासाभरात कंटाळून खाली येतात. मी काकीबरोबर किनाऱ्यावर गेले होते. सकाळचे साडेनऊ. माणसं सुरूखाली बसली होती, कुणी माझ्याकडे फारसं बघितलं नाही. मी तुझ्या होडीवर चढले. तुझा पंचा काकीने तिथेच खुंटीला बांधून ठेवलाय, माहीत आहे का? मी तो खांद्यावर घेतला, जरा खोटं खोटं वाटलं. डोळ्यांवर आडवा हात धरला. अर्धा तास नुसतं चकाकणारं पाणी. डोळे दुखायला लागले.

मग डावीकडे, खडपाच्या अलीकडे, एक पट्टा काळा दिसला. कडा जराशा कुरतडल्यासारख्या. मी वर बघितलं. ऑक्टोबरचे सुटे ढग होतेच. वारा बघितला. पट्टा वाऱ्याबरोबर सरकतोय की आपल्या मर्जीने, कळेना. एकदा वाटलं सरकतोय, एकदा वाटलं जागच्या जागी आहे. थोडं थांबलं असतं तर कळलं असतं. तुझा आवाज कानात होता, बघीत रवाक होयां. खाली कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत हसत होतं. माझी खात्री नव्हती. अजिबात नव्हती.

मी पंचा वर केला.

तुझं घड्याळ मनगटावरून सुटलं आणि कोपरापर्यंत घसरलं.

तात्या, ते धावले. मी कोण, मला काय कळतं, कुणी विचारलं नाही. पंचा वर गेला म्हणून धावले. होडी पाण्यात गेली, जाळं गेलं, दोर आले. मीही खाली उतरून रांगेत शिरले. काकी माझ्यापुढे होती, पदर खोचून. अडीच तास ओढलं. माझे तळवे सोलले. जाळ्याची खोळ वाळूवर आली तेव्हा आत झेली, दोन खेकडे, मूठभर बारीक मासळी आणि एक प्लॅस्टिकची चप्पल.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बाबूदाजी वाकून आत बघत राहिले, चप्पल उचलून बाजूला टाकली, मग सावकाश कंबर सरळ करून माझ्याकडे वळले.

"ढग," ते म्हणाले.

आणि मागून कुणीतरी, "इलो रे ढग! परत इलो!" आणि मग सगळी रांग हसायला लागली. काकीने तोंडाला पदर लावला, आणि ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. "घोवान नेल्यान ता नाव पुतणेन परत हाडल्यान," ती म्हणाली. कुणीतरी किटलीतला कोरा चहा माझ्या हातात दिला. माझ्या सोललेल्या तळव्यांना कप धरवत नव्हता. बाबूदाजी जाळं झटकता झटकता म्हणाले, "पुण्याक कधी जातंस? परवा? मगे उद्या सकाळी ये. नजर बसाक येळ लागता."

मी तिथेच वाळूवर बसून चहा प्यायले. चाळीस वर्षं तू ज्याला भीत होतास ते हेच होतं, तात्या. आणि मी त्या डिसेंबरमध्ये ज्याला भ्याले तेही हेच. तळहात सोलतात, अर्धा दिवस जातो, आणि माणसं हसतात. मग चहा देतात आणि उद्या ये म्हणतात.

एवढंच होतं.